आसने ४४, उभे ११

बँकेतल्या टाकळकर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवला.
हातात येणारे अठ्ठावीस हजार चारशे,
त्याचे अर्धे चौदा हजार दोनशे,
त्यातून सोसायटीचा हप्ता सव्वीसशे गेला,
उरले अकरा हजार सहाशे.
वीस वर्षांना लाखामागं आठशे चौऱ्याऐंशी.
"म्हणजे तुम्हाला तेरा लाख बसतात, ताई."

बसतात, म्हणाल्या.
मी परभणी डेपोची कंडक्टर.
हा शब्द मला रोज लागतो.

बाबाराव शेजारच्या खुर्चीत, नखातलं वार्निश कोरत.
वसमत रोडला मोटारी भरतो तो,
उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत, श्रावणात माशा मारत.
त्याची कमाई कागदावर नाही,
म्हणून गणितात नाही.
"यांचं काही रिटर्न वगैरे?"
तो नुसता हसला.
बोटांना तांब्याचा वास येत होता,
तेवढंच रिटर्न.

आमच्या गाडीत आतल्या बाजूनं लिहिलेलं असतं:
आसने ४४, उभे ११.
झरीच्या बाजाराला अकराचे एकतीस होतात.
मी डबल घंटी देते, गाडी निघते,
पण जिंतूरच्या अलीकडं चढ लागला
की इंजिन कण्हतं, अन् ड्रायव्हर माझ्याकडं
आरशातून बघतो, मीच चढवले म्हणून.

मॅडमचे तेरा लाख
उभ्यांना धरून होते.

रात्री वेबिलाच्या पाठीवर मी माझं मांडलं.
समीक्षाची दहावी, मग लातूर, मग लातूरची फी.
सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या,
ज्या त्या दिवसाआड घेतात आणि रोज घेते म्हणतात;
मी रोजच्याच धरल्या.
संपाचे महिने.
तेव्हा सोमाणीनं किराण्याची वही चालू ठेवली,
नमस्कार बंद केला.
हा रकाना स्क्रीनवर नव्हता. मी आखला,
पट्टी सापडेना तर कंगव्यानं.

माझा आकडा आला नऊ.
नऊ लाखांचा हप्ता, आठ हजाराला चव्वेचाळीस कमी.
चव्वेचाळीस!
म्हटलं, बसा सगळे.

"नऊमधी काय येतंय? जिना?" बाबाराव म्हणाला.
नऊ अन् साठवलेले चार, तेरा.
मुद्रांक, वकील, टेम्पो, एक लाख बाजूला काढ.
बाराचं घर बघायचं.
बाईच्या नावानं घेतलं तर एक टक्का सूट असती.
"मंग तुझ्याच नावावर करू की," तो म्हणाला,
मोठ्या मनानं,
बारा हजार वाचवत.

रविवारी जिंतूर रोडच्या आत एक बघितलं.
दोन खोल्या, गिलावा फक्त रस्त्याच्या बाजूनं,
आणि एक जिना, अर्ध्यातच थांबलेला.
मालक म्हणाला, बोअर आहे, पाणी बक्कळ.
बटण दाबलं. पाणी आलं खरं.
मी बादलीकडं बघत होते,
बाबाराव डोळे मिटून उभा,
माहेरचं पत्र वाचून दाखवावं तसं ऐकत.
"थांबा," म्हणाला. "बंद करू नका."
तिसऱ्या मिनिटाला आवाज बदलला,
मला तर कळलाही नाही.
"वारा ओढायली," तो म्हणाला. "जळंल ही, मे महिन्यात."
मालकानं मोटारीकडं बघितलं, बाबारावच्या हाताकडं बघितलं,
आणि न मागता पन्नास हजार सोडले.

घरी येऊन मी ते लिहिले.
लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा
त्याची कमाई कागदावर आली.
तो वाकून बघत राहिला, आकड्याला बोट लावून,
वार्निशचा डाग पडला तिथं.

डागाच्या खाली जागा होती थोडी.
तिथं मी लिहिलं:
टँकर, उन्हाळ्याचे चार महिने,
किती?